आडवी रेघ

मापनाला चार दिवस उरले होते आणि हर्षदाबाई फुलाच्या भागांचा पाठ चौथ्यांदा घेत होत्या. एव्हाना तो पाठ शाळेतल्या नऊच्या नऊ पोरांना असा मुखोद्गत झाला होता की, बाईंनी जास्वंदीचं फूल हातात धरायच्या आधीच पहिलीतला कियान ओरडायचा, "जायांग!" पहिलीच्या अभ्यासक्रमात जायांग नसतं. पण एकशिक्षकी शाळेत चौथीचा पाठ चालला की तो पहिलीच्याही कानावर पडतो, आणि कानात गेलेलं काही कुणाला परत काढून घेता येत नाही.

"कियान, तू आत्ता बोलायचं नाहीस," बाई म्हणाल्या. "मायरा 'पुमंग' म्हणेल, मी थोडी थांबेन, मग तू. आणि ओम, तुझं काय ठरलंय?"

"मी चुकायचं," ओम प्रामाणिकपणे म्हणाला. "पाकळ्यास्नी निदलपुंज म्हनायचं. मंग तुमी हासायचं आन् सांगायचं, न्हाई रे बाळा, दलपुंज."

चूकसुद्धा ठरलेली. याला तालीम म्हणतात. साहेब शाळा बघायला येणार असले की ज्या वर्गात, ज्या पोरांसमोर, जो पाठ साहेब बघणार तोच पाठ आधी तीन-चार वेळा घेऊन ठेवायचा, ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नाही. हर्षदा बाबर नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी ती त्यांना शिकवली, त्यांना त्यांच्या मुख्याध्यापकांनी. यात कुणाला लबाडी वाटत नसे. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, तसंच हे.

म्हाळुंगीचा हा धनगरवाडा डोंगराच्या खांद्यावर. खालच्या गावापर्यंत डांबरी रस्ता, पुढे दुचाकीही जात नाही, चाळीस मिनिटांची चढण पायी. अठरा घरं. आजोबांच्या पिढीत इथे बिरू, जानकू आणि धाकलू जन्मले. सन २०४३ पर्यंत मोबाईलचं वारं इतकं वर पोचलं होतं की त्यांच्या नातवंडांची नावं कियान, ओम आणि मायरा होती. बकऱ्यांची नावं मात्र अजून जुनीच होती. बाई इथे सात वर्षं होत्या. त्या येण्याआधी या वाड्यातली एकही मुलगी चौथीच्या पुढे गेली नव्हती. आता दोघी खालच्या वसतिगृहात राहून आठवीला होत्या, आणि तिसरी मायरा येडगे असणार, हे बाईंनी मनात पक्कं करून टाकलं होतं.

आता ते मापन काय होतं, ते सांगायला हवं.

माणूस नवीन काही समजून घ्यायला धडपडतो तेव्हा त्याच्या कपाळामागचा मेंदू जास्त प्राणवायू मागतो आणि रक्त तिकडे धाव घेतं. प्राणवायू घेऊन आलेल्या रक्ताचा रंग आणि तो देऊन मोकळ्या झालेल्या रक्ताचा रंग यांत थोडा फरक असतो. डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश कपाळावर सोडला तर तो हाडातून बोटाच्या पेराएवढा आत जातो आणि परत येताना त्या फरकाची खबर आणतो. गोष्ट कळत नाही तोवर रेघ चढत राहते; कळली की डोकं निवतं, रेघ उतरते. चढून उतरली तर पडद्यावर डोंगर दिसतो, म्हणजे मूल काहीतरी शिकलं. चढलीच नाही तर रेघ आडवी राहते. हे तत्त्व जुनंच होतं. नवं इतकंच की ते आता एका कापडी पट्टीत मावत होतं आणि ती पट्टी स्वस्त झाली होती. पोरं तिला मुंडावळी म्हणत.

ही मुंडावळी शाळेत आली ती दिल्लीच्या कायद्याने. पन्नास वर्षं परीक्षांतल्या कॉप्या, फुगवलेले गुण आणि कागदावर हुशार झालेली मुलं बघून दिल्ली कंटाळली होती. उत्तर खोटं असू शकतं, रक्त खोटं बोलत नाही, असं म्हणून प्राथमिक शाळेतल्या परीक्षाच त्या कायद्याने काढून टाकल्या. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाला पट्टी बांधायची. अर्धा तास शिक्षकाचा पाठ, अर्धा तास पडद्यावरचा. उत्तर बरोबर की चूक हे कुणी विचारायचं नाही, फक्त रेघ बघायची. दोन्ही रेघांत जो फरक पडेल तो 'शिक्षक-लाभ'. जिथे शिक्षकामुळे मुलं जास्त शिकतात तिथे जास्त शिक्षक द्यावेत, असा दिल्लीचा हेतू होता आणि तो काही वाईट नव्हता. पण शाळा चालवायची राज्याने. राज्यात हजारो पदं रिकामी होती. ज्या शाळेचा शिक्षक-लाभ वीसच्या खाली, तिथला शिक्षक काढून घ्यावा आणि तिला 'स्वयंसिद्ध शाळा' म्हणावं, असा निर्णय मुंबईने काढला. दिल्लीने मोजपट्टी दिली, मुंबईने कात्री. तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव, त्याच चालीवर लोक या शाळांना शिक्षकमुक्त शाळा म्हणू लागले.

केंद्रप्रमुख श्रीपती कणसे यांच्याकडे चौदा शाळा होत्या. मापनाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फोन करून एकच गोष्ट सांगितली होती, "तयारी झकास पाहिजे बघा. माझं नाक कापू नका." कणसे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनीही वीस वर्षं तालमी घेतल्या होत्या.

मापनाचा दिवस छान गेला. नऊ पोरं आंघोळ करून, तेल लावून, मुंडावळ्या बांधून ओळीत बसली. जास्वंदीचं फूल फिरलं. मायरा "पुमंग" म्हणाली, बाई थांबल्या, कियान गरजला. ओम ठरल्याप्रमाणे चुकला आणि बाई ठरल्याप्रमाणे हसल्या. कणसे सरांनी दारातून शाबासकीचा अंगठा उंचावला. मग पडद्यावरची ताई आली आणि तिने समुद्राला भरती का येते ते सांगितलं. चंद्र पाणी ओढतो, हे ऐकून पोरांच्या माना पुढे झाल्या. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बाईही ऐकत राहिल्या, कारण पाठ खरोखर सुंदर होता.

तीन आठवड्यांनी निकाल आला.

फुलाच्या अर्ध्या तासात नऊ आडव्या रेघा होत्या. भरतीच्या अर्ध्या तासात नऊ डोंगर. शिक्षक-लाभ शून्याच्याही खाली गेला होता. अर्थ असा की या बाई शिकवतात तेव्हा पोरं काहीच शिकत नाहीत, पडदा शिकवतो तेव्हा भरभरून शिकतात. आदेश निकालासोबतच जोडलेला होता. शाळा पुढच्या महिन्यापासून स्वयंसिद्ध, शिक्षिका तालुक्याच्या संकुल शाळेत.

बाईंनी त्या आडव्या रेघा दोनदा बघितल्या. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाचव्यांदा ऐकलेल्या पाठाला कुणाचं डोकं कष्ट घेईल? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्याच संध्याकाळी वरातीमागून घोडं यावं तसं परिपत्रक आलं. मापनाचा पाठ विद्यार्थ्यांना पूर्णपणे अपरिचित असावा, असं त्यात सातव्या कलमात लिहिलेलं होतं. त्यावर तारीख मापनाच्या पंधरा दिवस आधीची होती.

दुसऱ्या दिवशी त्या कणसे सरांच्या कार्यालयात गेल्या. हातात स्वतःच्या अक्षरातलं पत्र होतं: मी पाठाची तालीम घेतली होती, मापन चुकीचं आहे, फेरमापन व्हावं.

कणसे सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, चौदापैकी पाच शाळा गेल्या. कुठल्या पाच माहितीये? माझ्या सगळ्यात चांगल्या. पलीकडच्या खिंडीतला तो गुरुजी महिन्यातले दहा दिवस शाळेत नसतो. तो तालीम कुठली घेतोय? पोरं त्याचा पाठ जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती. रेघ आभाळाला भिडली! त्याला आता दुसरा शिक्षक मिळतोय मदतीला."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"मग हे पत्र पुढे पाठवा ना सर."

"पाठवतो. तुम्ही म्हणाल तर आत्ता पाठवतो. पण तालीम म्हणजे कायद्याने मापनात हस्तक्षेप. तुमचं काय होईल ते होईल. पोरांचं काय होतं, वाचलंय का? नऊच्या नऊ 'अमापित'. अमापित पोराचं वर्ष धरत नाहीत."

धनगरवाड्यात मुलीचं एक वर्ष गेलं की शाळाच गेली, हे बाईंइतकंच कणसे सरांनाही माहीत होतं. मायराचा बाप आधीच म्हणत होता की चौथी लई झाली.

"पडदा वाईट नाही हो," कणसे सर हळू आवाजात म्हणाले. "पोरं शिकतात त्याच्यावर. रेघेत दिसतंय की."

बाईंनी पत्र परत मागून घेतलं. घडी करून पर्समध्ये ठेवताना आपण पोरांसाठी हे करतोय, असं त्यांनी मनाला सांगितलं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे भीती होती आणि तिची त्यांना लाज वाटली.

शेवटच्या दिवशी सगळा वाडा शाळेपुढे जमला. मायराचा आजा धाकलू येडगे काठीवर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत होता. भिंतीवर नवा मोठा पडदा लागला होता, छपरावर दोन सौरपत्रे बसले होते.

"शेरडांमागं बी मानूस लागतंय, बाई," तो म्हणाला. "हितं पोरं हायती. हे त्यास्नी राखनार व्हय?"

"ते शिकवणार, बाबा. राखायला अंगणवाडीची मदतनीस येऊन बसेल."

"मंग तुमी का चालला?"

पोरांचा वेगळाच समज झाला होता. मायरा डोळे पुसत पुढे आली.

"बाई, आमी चुकलो व्हय? मी पुमंग नीट म्हनलं हुतं. कियान बी नीट म्हनला."

आता मात्र खोटं बोलणं शक्य नव्हतं. चूक आपली आहे आणि लेकरं ती आपल्या डोक्यावर घेतायत, हे बाईंना सहन झालं नाही. त्या खाली बसल्या आणि फळ्यावर नाही, मातीत बोटाने दोन रेघा काढल्या. एक डोंगर, एक आडवी.

"तुम्ही काही चुकला नाहीत. मी चुकले. मी तोच पाठ पुन्हा पुन्हा घेतला. माहीत असलेलं ऐकलं की डोकं आराम करतं, रेघ अशी आडवी येते. नवं ऐकलं की असा डोंगर येतो. यंत्राला वाटलं, मी शिकवलेलं तुम्हांला काही उपयोगाचं नाही."

"म्हंजी आडवी रेघ आली म्हून तुमास्नी घालवलं?"

"हो."

"आन् पडद्याचा डोंगर आला म्हून त्यो ऱ्हानार?"

"हो गं बाळा."

मायराने मातीतल्या रेघांकडे बघितलं आणि मान हलवली. बाईंना वाटलं, पोरीची समजूत पटली. त्यांना थोडं हलकं वाटलं. मग सगळ्यांनी आणलेलं तूप, खरवस आणि एक जिवंत कोंबडी घेऊन त्या डोंगर उतरल्या.

संकुल शाळेत अकराशे मुलं होती आणि शिक्षक तेवीस. हर्षदाबाईंना वर्ग मिळाला नाही. शिक्षक-लाभ शून्याखाली गेलेल्या माणसाला वर्ग देत नाहीत. त्यांना 'मापन-सहायक' केलं. काम काय, तर पट्ट्या धुणे, वाळवणे, आकाराप्रमाणे लावणे आणि मापनाच्या मोसमात मुलांच्या कपाळावर बांधणे. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर बाई पट्ट्या धूत होत्या. कुणी मुलाने वाटेत काही विचारलं तर त्या पटकन सांगून टाकायच्या आणि इकडेतिकडे बघायच्या.

वाड्याची खबर अधूनमधून यायची. बाजाराला आलेला धाकलू सांगायचा, "पोरं पडद्याम्होरनं हालत न्हाईत, बाई. सुट्टी आसली तरी जाऊन बसत्याती. ती मायरी तर पार खुळी झालीया." हे ऐकून बाईंना बरं वाटायचं आणि आत कुठेतरी दुखायचंही. आपल्या मागे पोरं इतकी रमली, म्हणजे यंत्र बरोबरच होतं की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

मार्चमध्ये स्वयंसिद्ध शाळांचं मापन झालं. तिथे एकच रेघ असते, पडद्याची. निकाल कणसे सरांच्या संगणकावर आला तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि खुर्ची सरकवली.

म्हाळुंगी धनगरवाडा. नऊ मुलं. नऊ आडव्या रेघा.

"हे कसं शक्य आहे?" बाई म्हणाल्या. "गेल्या वेळी डोंगर होते!"

"यंत्र म्हणतंय, प्रतिसाद गेला. शिक्षकाचा पाठ आडवा, पडद्याचाही आडवा. म्हणजे पोरांत शिकायची कुवतच उरलेली नाही." त्यांनी खालची ओळ दाखवली. 'अध्ययन-प्रतिसाद नाही.' शाळा जूनपासून बंद. मुलांना कौशल्य प्रवाहात वळवावं. प्रस्तावित कौशल्य: शेळीपालन सहायक.

धनगराच्या पोरांना शेळ्या राखायला आता सरकार शिकवणार होतं.

"सर, पट्ट्या खराब असतील," बाई घाईघाईने म्हणाल्या. "ओल गेली की आतले दिवे जातात, मी रोज बघते. यंत्रदोष असला तर अपील आहे ना?"

"आहे. पंधरा दिवसांत. आणि यंत्रदोष निघाला तर पोरांचं नुकसान नाही, फेरमापन मिळतं. शिक्षकासकट मागता येतं." कणसे सरांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. "जाऊन बघता? नऊ पट्ट्या तिथेच पेटीत आहेत. एकजरी बिघडलेली सापडली तरी मी अर्ज टाकतो. या वेळी खरंच टाकतो."

रविवारी सकाळी बाई तपासणीचं यंत्र पिशवीत घालून डोंगर चढल्या. कित्येक महिन्यांनी पायांत जोर आला होता. शिक्षकासकट फेरमापन म्हणजे नवा पाठ, एकदाही न घेतलेला. कुठला घ्यायचा, हेही त्यांनी चढता चढता ठरवून टाकलं. फेरमापनात डोंगर उठले की शाळा राहील, पोरं राहतील, आणि कदाचित आपणही.

शाळा उघडीच होती, रविवार असून. पोरं पडद्यापुढे बसली होती. बाईंना बघताच एकच गिल्ला झाला. कियान तर कमरेला मिठी मारून लोंबकळलाच. बाईंनी सगळ्यांच्या डोक्यांवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि आधी पेटी मागवली. एकेक पट्टी यंत्राला लावली. पहिली ठीक. दुसरी ठीक. पाचवी, सहावी ठीक. नवव्या पट्टीचाही हिरवा दिवा लागला तेव्हा त्या पेटी धरून तशाच बसून राहिल्या.

मायरा वाट बघत उभी होती. ती उंच झाली होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो तिला आवरत नव्हता.

"बाई, रेघ आडवी आली न्हवं?"

बाईंनी वर बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. येनारच हुती. आमी तालीम केली!" ती भरभर बोलू लागली. "तुमची रेघ आडवी आली म्हून तुमास्नी घालवलं. मंग पडद्याची आडवी आली की त्याला घालवत्यात, आन् तुमास्नी आनत्यात. न्हवं का? फकस्त मापनाला कंचा पाठ येनार ते ठाव न्हवतं. म्हून समदंच केलं. पैल्या पाठापास्नं शेवटापत्तुर, एकशेबारा."

"एकशेबारा?"

"धा-धा येळा," ओम म्हणाला. "भागाकाराचं वीस येळा, ते लई अवघाड हुतं. कियान झोपायचा, त्याला चिमटं काढलं."

यंत्रात दोष नव्हता. अपिलात आता लिहिण्यासारखी एकच गोष्ट होती, ती खरी होती, आणि ती लिहिली तर नऊ पोरं अमापित. नाही लिहिली तर शेळीपालन सहायक. वर्षभराचा सगळा अभ्यास या लेकरांच्या डोक्यात काठोकाठ भरला होता. तो एका बाईवरच्या मायेपायी भरला होता आणि म्हणूनच सरकारदरबारी त्यांची कुवत शून्य ठरली होती. ही युक्ती त्यांना दुसऱ्या कुणी नाही, आपणच शिकवली, मातीत बोटाने रेघ काढून.

"कदी येताय मंग?" मायराने विचारलं. "उंद्यापास्नं?"

मागे कियानने बाईंची खुर्ची ओढत ओढत आणली होती. ती पुसून लख्ख केलेली होती. बाई तिच्यावर बसल्या. सांगायला हवं होतं.

वाट बघून मायराचा चेहरा जरा पडला. बाईंना आपलं खरं वाटलेलं नाही, असं तिला वाटलं असावं. तिने मागे वळून हाताने खूण केली. नऊ पोरं उंचीप्रमाणे ओळीत उभी राहिली, हात बाजूला, माना ताठ, साहेब आल्यावर उभी राहायची तशी.

"कंचा बी पाठ इचारा," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "भागाकार."

पोरं म्हणू लागली. भाज्य, भाजक, बाकी. एक उदाहरण, दुसरं उदाहरण, वजाबाकी, पडताळा. पडद्यावरची ताई जिथे थांबते तिथे ती थांबत, ती जिथे हसते तिथे हसत. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. एकही चूक झाली नाही.